घरात बाईमाणूस नसलेला लेडीज टेलर

पुरुषाचा शर्ट बिघडला तर पुरुष म्हणतो, जाऊ द्या, चालेल. बाईचा ब्लाउज बिघडला तर ती दुकानात येऊन टेबलावर आपटते आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारते, "मास्टर, हे काय शिवलंय?" आयुष्यभर हे ऐकलं. सुरतेत, गोडादऱ्यात माझं दुकान होतं. दुकान कसलं, भाड्याच्या घराची पुढची खोली आणि तिला एक शटर. मागच्या खोलीत आम्ही राहायचो. गिऱ्हाईक म्हणजे आसपासच्या लूम कामगारांच्या बायका. कुणी आमच्या खान्देशातली, कुणी अकोल्याकडची, कुणी इथलीच गुजराती. आता डोळ्यांनी दगा दिलाय, सुईत दोरा ओवायला दुसऱ्याला हाक मारावी लागते. म्हणून धंदा जवळपास बंदच आहे.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, "मास्टर, शिवणकामातल्या गमती लिहा. लोकांना आवडतं." गमती आहेत की. एक बाई मापाला आपल्या बारीक बहिणीचा ब्लाउज घेऊन आली आणि म्हणाली, अगदी असाच शिवा. शिवला. बसेना. मग भांडायला आली, "म्हणजे मी जाड झाले असं म्हणायचंय का तुम्हाला?" आता याला कुठला शहाणा माणूस उत्तर देईल? मी मुकाट्याने बाजूची शिलाई उसवायला घेतली. दुसरी आमची कोकिलाबेन. नवरात्र तोंडावर आलं की चणियाचोळीचं कापड आणायची आणि दरवर्षी तेच बजावायची, "मास्टर, गया वरस जेवुं नहीं." म्हणजे गेल्या वर्षीसारखं नको. गेल्या वर्षीचं घालून ती नऊ दिवस गरबा खेळलेली असायची, पण ते जाऊ द्या.

आमच्या धंद्याचं थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ब्लाउजचं माप दोन रीतींनी घेतात. एक म्हणजे टेप लावून. छाती, कंबर, खांदा, मुंढा, बाही. बहुतेक लेडीज टेलरांकडे हे काम बायको करते. ती पडद्याआड टेप लावते आणि मास्टर बाहेर आकडे ऐकतो. दुसरी रीत म्हणजे मापाचा ब्लाउज. अंगाला नीट बसणारा जुना ब्लाउज बाईने आणायचा, त्यावरून नवा बेतायचा. यात धोका असा की जुना ब्लाउज खोटं बोलतो. तो धुऊन धुऊन सैलावलेला असतो, कुठे उसवून वाढवलेला असतो. मग तो वाचावा लागतो. कुठला हूक ताणलाय, काखेतली शिलाई कुठे विरलीय, खांदा कुठल्या बाजूला उतरलाय. मी असा वाचायचो की गल्लीत कुणाला दिवस गेलेत हे तिच्या सासूच्या आधी मला कळायचं. फुशारकी नाही मारत. खरंच कळायचं.

माझ्या दुकानाची ख्याती अशी होती की मास्टर बाईच्या अंगाला टेप लावत नाही, मापाच्या ब्लाउजवरच शिवतो. फार सभ्य माणूस. आया वयात आलेल्या पोरींना बिनधास्त माझ्याकडे पाठवायच्या. लोक असं बोलायचे आणि मी मान खाली घालून ऐकून घ्यायचो. खरी गोष्ट अशी की माझ्या घरात टेप धरायला बाईच नव्हती, आणि ती नाही हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

माझी बायको मंगल भावाच्या लग्नाला म्हणून माहेरी गेली आणि परत आली नाही. तिच्याविषयी इथे वाकडं लिहिणार नाही. ती वाईट नव्हती. माझ्याबरोबर तिचं जमलं नाही, दुसऱ्याबरोबर जमलं, इतकंच. पोरगी हर्षा माझ्यापाशी राहिली. तेव्हा ती जेमतेम चार वर्षांची. बायको मेली असती तर लोकांनी हळहळ केली असती, डबे आणून दिले असते. गेली म्हटल्यावर लोक आधी नवऱ्याला खालून वर बघतात, याच्यात काय कमी होतं म्हणून. ते बघणं मला सोसेना. लिंबायतची जुनी गल्ली सोडून मी गोडादऱ्यात खोली शोधायला आलो. घरमालकाने पहिलाच प्रश्न केला, "फॅमिली छे ने?" फॅमिली नसलेल्या माणसाला कुणी खोली देत नाही, त्यात हा लेडीज टेलर. मी म्हणालो, आहे ना, गावाला गेलीय, येणार आहे.

काही महिन्यांनी मी तिला आणलीसुद्धा. म्हणजे तोंडी. "आलीय," म्हणालो, "पण तब्येत बरी नसते, आतच पडून असते." मंगलची एक कोरी हिरवी साडी मागे राहिली होती. चार-दोन दिवसांआड ती धुवायचो आणि मागच्या दारी दोरीवर वाळत घालायचो, लोकांना दिसेल अशी. हर्षाला सांगून ठेवलं होतं, कुणी विचारलं की म्हणायचं, मम्मी झोपली आहे. पोरीला बाराखडी शिकवायच्या आधी मी हे वाक्य शिकवलं. तिचा तो बारीक आवाज आठवला की आजही हातातलं काम थांबतं.

आणि ते पचलं, असं मला वाटत होतं. बायका दुकानात हळू बोलायच्या, आतल्या आजारी बाईला त्रास नको म्हणून. एकदा कोकिलाबेनने तिच्यासाठी मऊ खिचडी आणून दिली. मी आणि हर्षाने ती चाटून पुसून खाल्ली आणि भांडं घासून देताना मी म्हणालो, "तिला फार आवडली हं." वर तोंड करून म्हणालो! कोकिलाबेन नुसती हसली.

पोरगी मात्र मी मनापासून वाढवली. वेणी मला पहिल्या दिवशीच जमली. तीन पट्ट्या एकात एक घालायच्या, धंद्यातलंच काम. शाळेत तिच्या फ्रॉकसारखा फ्रॉक कुणाचा नसायचा. पोळ्या जमायला वेळ लागला, पण जमल्या. फक्त शाळेत पालकसभेला गेलं की गोची व्हायची. आयांच्या रांगेत मी एकटा बाप्या. बाई म्हणायच्या, "पुढच्या वेळी मम्मीला पाठवा." मी हो म्हणायचो. दरवेळी हो म्हणायचो आणि दरवेळी मीच जायचो, सगळ्यात मागे बसायचो.

खरं काय ते फक्त माझ्या मोठ्या भावाला ठाऊक होतं. तो गावी, पारोळ्याकडे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही गेलो की जेवण झाल्यावर विषय काढायचा. घरात आम्ही अहिराणीच बोलतो. "घरमा बाईमाणूस नही, पोर मोठी व्हई राहिनी," तो म्हणायचा, "आठे राहू दे तिले. तुले काय समजस पोरीसनं?" इथेच राहू दे तिला, पोरींचं तुला काय कळतं, असं. मी म्हणायचो, पुढच्या आखाजीला बघू. हर्षा माझ्या सदऱ्याची कड धरून उभी असायची. तिला गावी राहायचं नव्हतं, पप्पांपाशी राहायचं होतं, आणि मलाही तिच्याशिवाय दुसरं काय होतं? पण मनात धाक होता. एकदा माझ्या हातून काही चुकलं की भाऊ तिला नेणार, आणि नाही म्हणायला मला तोंड उरणार नाही.

हर्षा सातवीत होती तेव्हाची गोष्ट. नवरात्राआधीचे दिवस, दुकानात कापडाचे ढीग, मला मान वर करायला फुरसत नाही. पोरगी एकदम गप्प झाली. खाली बसायला बघायची नाही, उभ्यानेच जेवायची. चालायची तीही जपून. मी म्हटलं, परीक्षा असेल. त्याच सुमारास आमच्या चिंध्यांच्या पोत्यात कुणीतरी हात घालतंय असं दिसायला लागलं. कापड बेतल्यावर उरलेले तुकडे आम्ही पोत्यात टाकतो, भंगारवाला नेतो. सुरतचं कापड म्हणजे जास्त करून पॉलिस्टर, तेव्हा पोत्यात तेच. ब्लाउजच्या अस्तराचं सुती कापड वेगळं. त्याचे तुकडे मी टेबलाखालच्या टोपलीत नीट जपून ठेवायचो, पट्ट्यांना लागतात म्हणून. एकदा हर्षा पोत्यात वाकलेली दिसली. मी खेकसलो, "कचऱ्यात काय उकरतेस? मोठी झालीस ना आता?" ती आत निघून गेली.

वाचा, परत वाचा ते वाक्य. कपडा हातात घेऊन गल्लीभरच्या बायकांची अंगं वाचणारा मी. मोठी झालीस ना, म्हणालो.

मग तिला ताप भरला. अंग नुसतं पेटलेलं. मी शटर ओढलं आणि जवळच्या बाई-डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मला बाहेर थांबवून तिला तपासलं आणि बाहेर येऊन विचारलं, "आई कुठे आहे हिची?"

इतक्या वर्षांची सवय. तोंड आपोआप उघडलं. "घरी आहे. आजारी असते."

"मग तिला कसंही करून घेऊन या. मला तिच्याशी बोलायचंय. तुम्हाला काय सांगू मी?" त्यांनी तापाच्या गोळ्या दिल्या आणि आईला आणल्याशिवाय पुढचं बोलणार नाही म्हणाल्या.

हर्षा बाकावर बसली होती. बसली होती म्हणजे एका बाजूला कलून टेकली होती. ती माझ्याकडे बघत होती, आता तरी पप्पा बोलतील म्हणून. मी बोललो नाही. पोर तापाने फणफणलेली, आणि मी डॉक्टरसमोरही खोटी बायको सांभाळत बसलो! माझ्या आयुष्यात लाज वाटण्यासारख्या गोष्टी कमी नाहीत, पण त्या बाकापुढे उभं राहण्याची सर कशालाच नाही.

रिक्षाने घरी आलो तर दुकानासमोर बायका उभ्या. सणाचे दिवस, शटर का बंद म्हणून. कोकिलाबेन होती, आणि सुमनताई होती. सुमनताई अकोल्याकडची, नवरा मिलमध्ये. जयंतीला आणि धम्मचक्राच्या दिवसाला पांढऱ्या साडीवरचे ब्लाउज माझ्याकडूनच शिवून न्यायची. फटकळ बाई. तिने हर्षाच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "मास्तर, पोरीले लय ताप हाये. डाक्टर काय म्हनते?"

"आईला घेऊन या म्हणाल्या."

"मंग?"

मी कुलपात किल्ली घालून तसाच उभा राहिलो. किल्ली फिरेना. कोण माझ्याकडे बघतंय, कोण बघत नाही, काही कळत नव्हतं. शेवटी शटरकडे तोंड करून म्हणालो, "ताई, आत कुणी नाही. या घरात बाई कधी नव्हतीच."

मला वाटलं, आता संपलं. इतकी वर्षं या बायका आपल्या लेकीबाळी माझ्याकडे पाठवतात, त्यांना फसवलं. आता एकेक जण कापड उचलेल आणि जाईल.

"मालूम हाये आमाले," सुमनताई म्हणाली.

मी मागे वळलो.

"ते हिरवी साडी कवापासून पाहून राह्यलो आमी. धुवून धुवून इरली, पन तिच्या फॉलले कवा माती लागली नायी. नेसलेल्या साडीचा फॉल असा राह्यते का? तुमीच फॉल लावता ना लोकायले?"

साडीच्या खालच्या काठाला आतून जी पट्टी लावतात तो फॉल. नेसली की सगळ्यात आधी तोच मळतो, झिजतो. हजारो साड्यांना मी लावला असेल. आणि माझ्याच दोरीवरच्या साडीचा कोराकरकरीत फॉल मला दिसला नाही. गल्लीतल्या प्रत्येक बाईला दिसला. कोकिलाबेन हळूच म्हणाली, "ने पेली खिचडी तमारे माटे ज हती, मास्टर." ती खिचडी माझ्यासाठी आणि पोरीसाठीच होती.

"मग तुम्ही येत का राहिलात?" मी विचारलं.

"ब्लाउज चांगला शिवता म्हनून. आनखी काय?" सुमनताई म्हणाली. "चला आता, उभे काय राह्यले!"

ती तशीच आमच्याबरोबर दवाखान्यात आली. डॉक्टरीणबाई तिला आत बोलवायला लागल्या तर ही दारातच अडून उभी. "मी आय नायी हिची. मले नोका सांगू, बापाले सांगा. पोरगी त्याच्याजवळ राह्यते, त्यालेच पाहाचं हाये." बाई जरा गोंधळल्या. मग मला आत घेतलं, खुर्ची दिली आणि सांगितलं. तीन-चार महिन्यांपासून हर्षाला पाळी येत होती. कुणाला न सांगता ती कसलंसं कापड वापरत होती. ते पाणी शोषत नव्हतं, नुसतं घासत होतं. जांघा सोलून निघाल्या होत्या, जखमांत पू झाला होता, त्याचा तो ताप. "कसलं कापड वापरते विचारा तिला," त्या म्हणाल्या. मला विचारायची गरज नव्हती. चिंध्यांच्या पोत्यात वाकलेली ती मी बघितली होती. सुमनताईने पाण्याचा ग्लास माझ्या हातात दिला. काय वापरायचं, किती वेळाने बदलायचं, दुखलं तर काय करायचं, हे सगळं डॉक्टरांनी मला बापाला सांगावं तसं सरळ सांगितलं. मी माना डोलावल्या. कान तापले होते, पण एकेक शब्द ऐकला.

औषधाने दोन-तीन दिवसांत ताप उतरला. ती पेज पीत होती तेव्हा मी विचारलं, "हर्षू, टेबलाखाली सुती होतं ना गं. भरलेली टोपली. ते का नाही घेतलंस?"

"ते तुमच्या पट्ट्यांना लागतं. आणि सुती कमी झालं असतं तर तुम्हाला कळलं असतं."

"मग कळलं असतं तर काय झालं असतं?"

ती वाटीत बघत म्हणाली, "तुम्हाला लाज वाटली असती."

इथे जरा थांबतो. पुढचं आधी सांगून टाकतो म्हणजे मला श्वास घेता येईल. हे सगळं गल्लीत झालं आणि मी लपवायचं सोडलं, तसे हळूहळू माझ्याकडे बाप येऊ लागले. एकट्याने लेकरं वाढवणारे असे किती आहेत हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. कारण सगळे माझ्यासारखेच दडून बसलेले. कुणाची बायको वारलेली, कुणाची गेलेली, कुणाची वेड लागल्याने माहेरी ठेवलेली. कोसाडच्या वसाहतीतून एक जण यायचा. मुलीच्या फ्रॉकची खालची दुमड सोडून उंची वाढवून द्या म्हणायचा. दिली. परत तोच फ्रॉक घेऊन आला. मी म्हटलं, बाबा रे, यात सोडायला आता दुमडच उरली नाही, काय बोलायचंय ते बोल. तो उभ्या उभ्या रडला. त्याला मी दुकानातच, गिऱ्हाईक असताना, पाळीचं सगळं समजावलं. बोलताना माझी नजर कातरीवरच होती. अजून असते. रविवारी असे दोघं-तिघं जमतात. कुणाला वेणी शिकायची असते, कुणाला शाळेत काय बोलावं ते विचारायचं असतं. सुमनताई येता-जाता दोन शब्द सुनावून जाते.

मध्यंतरी एका कार्यक्रमात मला शाल देणार होते. "आई होऊन मुलीला वाढवणारा बाप" असं काहीतरी फलकावर लिहिलेलं. मी गेलो नाही. मी आई झालो नव्हतो हो. वेणी घातली ती बाप म्हणून, पोळ्या लाटल्या त्या बाप म्हणून, आणि जिथे चुकलो तिथेही बापच चुकला. बापाने पोर सांभाळली की त्याला आई म्हणायचं, म्हणजे बापाचं ते कामच नव्हे असं झालं. मला शाल नको होती. माझ्यासारख्याला खोली द्या, पालकसभेत पुढच्या रांगेत जागा द्या, आणि "मम्मीला पाठवा" म्हणू नका, एवढंच माझं म्हणणं. हर्षा आता इच्छापोरला एका कारखान्यात नोकरी करते, संसार करते. तिला विचारूनच हे लिहितोय. ती म्हणाली, लिहा पप्पा, निदान दुसरी कुणी पॉलिस्टर तरी वापरणार नाही.

पण भावाचं राहिलं.

"तुम्हाला लाज वाटली असती" हे ऐकल्यावर मी खचलो. वाटलं, भाऊ म्हणत होता तेच बरोबर. मला पोरींचं काही कळत नाही. मीच उठून त्याला फोन लावला आणि म्हणालो, भाऊ, ये आणि ने तिला. तो लगेच आला. मी हर्षाची पिशवी भरून ठेवली होती. तिचे फ्रॉक, वह्या, रिबिनी. ती रडली नाही, भांडलीही नाही. फक्त दारातून विचारलं, "मी सांगितलं नाही म्हणून का?"

म्हणजे माझ्या पोरीला वाटत होतं की ही तिला शिक्षा आहे! मी पिशवीच्या बंदांना गाठ मारत होतो. गाठ अर्धी राहिली.

दुकानात भाऊ बाकावर बसला होता, आणि दोन बायका ब्लाउज घ्यायला आल्या होत्या. मी म्हणालो, "भाऊ, ती येणार नाही. इथेच राहील."

"तूच बलावं ना मले?" तो चिडला. "पोरनं बाईमाणसनं काम आठे कोन करी? कोन देखी तिले?"

मोठ्या भावासमोर मी कधी आवाज चढवला नव्हता. बिडीसुद्धा ओढली नव्हती. आणि तो शब्द तर आमच्याकडे पुरुषांपुढे बाईसुद्धा उच्चारत नाही. "मी बघेन," म्हणालो. "तिच्या पाळीचं मी बघेन."

दोन्ही बायकांनी माना खाली घातल्या. भाऊ बाकावरून ताडकन उठला. त्याचा चेहरा लालबुंद. "लाज नही वाटस का तुले?"

"वाटस, भाऊ," मी म्हणालो. "भलती वाटस. पन ती मनी लाज शे, पोरनी नही." लाज माझी आहे, पोरीची नाही.

त्याने टोपी घातली, थैली उचलली. हर्षाने चहा आणला तो उभ्यानेच प्यायला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाहेर पडला. मी त्याला गाडीत बसवून द्यायला निघालो. वाटेत मेडिकलचं दुकान लागलं. हर्षासाठी पॅडचं पाकीट न्यायचंच होतं, म्हणून मी थांबलो. भाऊ चार पावलं पुढे जाऊन पाठमोरा उभा राहिला, माझी-त्याची ओळख नसल्यासारखा. मी दुकानदाराला सांगितलं काय हवं ते. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही. दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

तेवढ्यात मागून कुणीतरी बाही ओढली. भाऊ होता. रस्त्याकडे बघतच, ओठ न हलवता पुटपुटला, "मन्या पोरीसले बी ले एक."

माझ्या पोरींसाठीही एक घे. त्याच्या घरी बायको होती, दोन वयात आलेल्या मुली होत्या. घरभर बाईमाणूस होतं. मी एक जास्तीचं घेतलं. त्याने ते थैलीत तळाशी घातलं, वर धोतर दाबलं, टॉवेल दाबला, आणि गाडी येईपर्यंत आम्ही दोघं भाऊ एकमेकांकडे न बघता उभे राहिलो.